लुई ब्रेल याच्या दोन शाळा

फ्रान्सची राजधानी पॅरिस हिच्या पूर्वेस सुमारें चाळीस किलोमीटर अंतरावर कूव्रे नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें सिमाँ-रने ब्रेल नांवाचा एक जीनगर राहत असे. घोड्यांचीं खोगिरें, लगाम, गळपट्टे व गाडीला लागणारें चामडी सामान तो तयार करी आणि आसपासच्या शेतकऱ्यांना पुरवी. घर स्वतःचें होतें, थोडी जमीन व द्राक्षांचा मळा होता. आपल्याकडील भाषेंत बोलावयाचें तर कुटुंब खाऊनपिऊन सुखी होतें. ता. ४ जानेवारी १८०९ रोजीं त्याला चौथें अपत्य झालें. थोरल्या भावंडांत व या मुलांत बऱ्याच वर्षांचें अंतर असल्यामुळें तो साऱ्या घराचा लाडका झाला. त्याचें नांव लुई.

१८१२ सालीं, लुई तीन वर्षांचा असतां, बापाची नजर चुकवून तो एकदां कामाच्या खोलींत शिरला. बापाला पाहून पाहून त्यालाही चामडें टोंचण्याची हौस वाटूं लागली होती. हातीं लागलेलें अणकुचीदार हत्यार निसटलें आणि त्याच्या एका डोळ्यांत घुसलें. तें हत्यार म्हणजे आरी होती कीं वाकडी सुरी होती, याविषयीं चरित्रकारांत एकमत नाहीं. व त्यानें कांहीं बिघडतही नाहीं. रोगजंतूंचें ज्ञान त्या काळीं कोणासच नव्हतें. ठाऊक होते ते उपाय झाले, जखम चिघळली, तिचा विकार दुसऱ्या डोळ्यांतही उतरला, आणि पांच वर्षांचा होईपर्यंत मुलाची दृष्टि पूर्णपणें गेली.

सामान्य घरांतील आंधळ्या मुलाचें पुढें काय व्हावयाचें, हें त्या काळीं जवळजवळ ठरलेलेंच असे. चर्चच्या दाराशीं कटोरा घेऊन बसणें, अथवा जत्रेंत लोकांची करमणूक करणें, याहून निराळी वाट क्वचितच कोणास दिसे. ब्रेल पतिपत्नींनीं आपल्या मुलासाठीं ती वाट पत्करली नाहीं. घरांतील लहानसहान कामें ते त्याला सांगत. बापानें त्याला एक काठी तासून दिली व तिच्या टोंकानें रस्ता चांचपीत तो गांवांत एकटा फिरूं लागला, असें सांगतात. त्यांतच नेपोलियनचा पाडाव झाला आणि १८१४ पासून १८१६ पर्यंत परकीय शिपायांच्या पलटणी एकामागून एक गांवांत येऊन राहिल्या. घरोघर शिपाई उतरविलेले. त्यांची भाषा अनोळखी, पावलें अनोळखी. ओळखीच्या आवाजावर ज्याची सारी भिस्त, त्या सहा वर्षांच्या मुलाला तो काळ कसा गेला असेल याची डोळस माणसानें नुसती कल्पनाच करावी.

याच सुमारास जाक पालुई नांवाचे नवे धर्मगुरु गांवांत आले. हा मुलगा चटकन् ऐकतो, ऐकलेलें विसरत नाहीं, व विचारतो तें नेमकें विचारतो, हें त्यांच्या ध्यानीं आलें. प्रथम ते स्वतःच त्याला शिकवूं लागले. पवित्र शास्त्रांतील कथा, फुलांचे वास, पक्ष्यांचे आवाज, ऋतूंचे फेर, असा तो अभ्यासक्रम होता. पुढें ते गांवच्या शाळेचे शिक्षक आंत्वान् बेशरे यांजकडे गेले व लुईला वर्गांत बसूं द्यावें अशी त्यांस विनंति केली. आंधळ्या मुलाला गांवच्या शाळेंत घेण्याची चाल तेव्हां मुळींच नव्हती. बेशरे यांच्याजवळ त्याला शिकविण्याचें साधन नव्हतें, अनुभव नव्हता, वरिष्ठांचा हुकूमही नव्हता. त्यांनीं त्याला घेतलें.

ही लुईची पहिली शाळा. शेजारचा एक मुलगा रोज सकाळीं येऊन त्याचा हात धरी व त्याला घेऊन जाई, अशी हकीकत आहे. तोंडी हिशेबांत व पाठांतरांत तो वर्गांतील चांगल्या मुलांच्या बरोबरीचा ठरला. दोन-तीन वर्षें तो त्या शाळेंत गेला. परंतु गुरुजींनीं पुस्तकें उघडावयास सांगितलीं कीं त्याचे हात रिकामे राहत. लांकडावर खिळे ठोकून बापानें त्याला अक्षरांचे आकार करून दिले होते, असेंही सांगतात. जीनगराच्या हातून होण्यासारखें होतें तेवढें त्यानें केलें. पण खिळ्यांच्या अक्षरांनीं एक नांव लिहितां येईल, इतिहासाचें पुस्तक वाचतां येणार नाहीं. कूव्रेच्या शाळेनें लुईला सोबती दिले, धीट केलें, ऐकून शिकण्याची संवय लाविली. जें देणें तिच्या हातीं नव्हतें तें अक्षर.

येथें आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एक गृहस्थ आपल्या आठ वर्षांच्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. मुलीची दृष्टि अधू होती व दिवसेंदिवस उणी होत चालली होती; फळ्यावरील अक्षर तिला मुळींच दिसत नसे. हिला कोणत्या शाळेंत घालावें, असा त्यांचा प्रश्न होता. आम्हीं दूरच्या शहरांतील एका अंधशाळेचा पत्ता चिठोऱ्यावर लिहून दिला व आपलें कर्तव्य आटोपलें असें मानलें. दोन वर्षांनीं ते गृहस्थ बाजारांत भेटले. तें चिठोरें त्यांनीं जपून ठेविलें होतें. परंतु पत्र कोणाला लिहावें, कसें लिहावें, लेकीला एवढ्या दूर एकटी कशी ठेवावी, हें त्यांना उमगलें नव्हतें, आणि पुन्हां येऊन विचारण्याचा संकोच वाटला होता. मुलगी दोन्ही वर्षें घरींच होती. मग मात्र आम्हीं स्वतः पत्र लिहिलें. गेलेलीं दोन वर्षें कांहीं तिला परत देतां आलीं नाहींत.

आपल्या देशांत २०१६ सालीं झालेल्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें, चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेंत किंवा खास शाळेंत, जेथें त्याची इच्छा असेल तेथें, मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. हक्क मोठा आहे. पण पालुई यांचें वर्तन वाचलें म्हणजे आम्हांला तें चिठोरें आठवतें. पालुई यांनीं पत्ता लिहून दिला नाहीं. ते स्वतः खटपटीस लागले. गांवच्या गढीवर राहणाऱ्या सरदारांस ते भेटले. पॅरिस येथील अंध विद्यार्थ्यांची कामगिरी त्या सरदारांनीं पुष्कळ वर्षांपूर्वीं पाहिलेली होती. त्यांच्यामार्फत शाळेच्या मुख्यांस पत्र गेलें, उत्तर आलें, जागा मिळाली. राहतां राहिला घरच्या मंडळींच्या मनाचा प्रश्न. दहा वर्षांचें, दृष्टिहीन, शेंडेफळ पोर परक्या शहरांत ठेवावयाचें, हें सोपें नव्हतें; बापानें तें ठरविण्यास वेळ घेतला असेल तर त्यांत नवल नाहीं. अखेर ता. १५ फेब्रुवारी १८१९ रोजीं सिमाँ-रने आपल्या मुलाला गाडींतून पॅरिसला घेऊन गेला व राजकीय अंधशाळेच्या दारांत सोडून एकटाच परत आला.

ही दुसरी शाळा कोणी काढली, तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. १७७१ सालीं पॅरिसमधील एका जत्रेंत कांहीं आंधळ्यांना विचित्र पोशाख चढवून, डोळ्यांवर मोठमोठे चष्मे बसवून वाद्यें वाजवावयास बसविलें होतें व लोक हंसत होते. व्हालंतें आयुई नांवाच्या तरुणानें तें पाहिलें. हा देखावा त्याच्या मनांतून जाईना. पुढें १७८४ सालीं चर्चच्या दाराशीं भीक मागणारा फ्रांस्वा लस्यूर हा आंधळा मुलगा त्याला भेटला. शिकावयास बसल्यानें भिक्षेंत जी तूट येई, ती आयुई आपल्या पदरची भरून देई. असा शिक्षक आम्हीं तरी दुसरा ऐकिला नाहीं. छापील कागदाच्या मागें उमटलेला अक्षराचा उठाव लस्यूरच्या बोटांना कळतो, असें दिसून आलें, व त्यावरून ओल्या कागदावर ठसे दाबून उठावाचीं अक्षरें काढण्याची युक्ति निघाली. १७८५ सालीं शाळा सुरू झाली. जगांतील अंधांची पहिली शाळा ती हीच समजतात.

लुई आला तेव्हां ही शाळा एका जुनाट, ओल आलेल्या इमारतींत भरत असे. राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्या इमारतीचा तुरुंग म्हणून उपयोग झाला होता. शिस्त कडक होती. पण प्रथमच लुईच्या भोंवतीं सगळे त्याच्यासारखे होते. कूव्रे येथें तो गांवचा एकच आंधळा मुलगा होता. येथें आंधळेपणाचें कोणास कांहींच वाटत नव्हतें. गाब्रिएल गोतिये नांवाचा मित्र त्याला येथेंच मिळाला व तो जन्मभर टिकला. व्याकरण, भूगोल, गणित, विणकाम, सपाता करणें व संगीत हे विषय होते. संगीतांत त्याचें मन रमलें. चेलो व ऑर्गन हीं दोन्ही वाद्यें तो उत्तम वाजवूं लागला. पुढें पॅरिसमधील चर्चमध्यें ऑर्गन वाजविण्याचें कामही त्यानें केलें.

मात्र ज्या अक्षराच्या आशेनें तो आला होता, तें मनासारखें मिळालें नाहीं. उठावाचीं पुस्तकें होतीं, पण मोजकींच. आणि एकेक पुस्तक इतकें अवजड कीं मुलाला उचलणें कठीण. अक्षरें मोठीं, तीं एकेक चांचपून शब्द जुळवावयाचा. वाक्याच्या शेवटीं येईपर्यंत आरंभ विसरून जावा. शिवाय हीं अक्षरें आंधळ्याला फार तर वाचतां येत; लिहितां येत नसत. याचें कारण उघड आहे. तीं डोळ्यांसाठीं घडविलेलीं अक्षरें होतीं. बोटांखालीं ठेवल्यानें तीं बोटांचीं झालीं नव्हतीं. आयुईसारख्या उदार पुरुषाच्याही हें लक्षांत आलें नाहीं. डोळस माणूस दुसऱ्याला कांहीं द्यावयास निघाला म्हणजे आपल्याजवळचेंच उचलून देतो.

१८२१ सालीं शाळेचे जुने मुख्य जाऊन त्यांच्या जागीं पिन्ये नांवाचे सद्गृहस्थ आले. वृद्ध आयुईला आपल्याच शाळेंत बरींच वर्षें मज्जाव होता. पिन्ये यांनीं त्याला सन्मानानें बोलाविलें, व मुलांनीं त्याच्यासाठीं गायनवादन केलें. बारा वर्षांचा लुई त्या समारंभास हजर होता. पुढच्याच वर्षीं आयुई वारला.

त्याच १८२१ सालीं शार्ल बार्बिये नांवाचा लष्करांतील एक निवृत्त कॅप्टन आपली नवी लेखनपद्धति घेऊन शाळेंत आला. अक्षरांच्या रेषांऐवजीं त्यानें कागदावर उमटविलेलीं टिंबें घेतलीं होतीं. जाड कागदावर टोंचणीनें टोंचलें कीं उलट बाजूस टिंब उठतें. बोटाला तें लगेच लागतें. मुलांना ही कल्पना फार आवडली, कारण आतां त्यांना लिहितांही येऊं लागलें. पण तींत दोष होते. एका खुणेंत बारापर्यंत टिंबें बसावयाचीं, तीं बोटाच्या एका स्पर्शांत मावत नसत. बार्बियेची योजना उच्चारावर आधारलेली होती. शब्दांचें शुद्धलेखन, विरामचिन्हें, आंकडे, संगीताचे सूर यांस तींत जागा नव्हती. लुईनें हे दोष त्या गृहस्थास दाखविले. बार्बियेला तें रुचलें नाहीं. शिक्षण न झालेल्या लोकांना चटकन् लिहितां यावें एवढाच त्याचा हेतु होता. आंधळ्यांना शुद्धलेखन कशास हवें, हें त्याला कळेना. इतरांना येतें तेवढें सगळें आपल्याला आलें पाहिजे, हें लुईचें मागणें. तो मुलगा आणि तो कॅप्टन यांच्यामधील खरा मतभेद हाच होता.

लुईनें वाद वाढविला नाहीं. दिवसभर वर्ग असत; रात्रीं, पहांटे व सुटींत कूव्रे येथें जाई तेव्हां तो टोंचणी घेऊन बसे. १८२४ सालीं, पंधराव्या वर्षीं, त्याची लिपि बहुतेक तयार झाली. तिची रचना इतकी सरळ आहे कीं आमचे विद्यार्थी ती पांच मिनिटांत समजूं शकतील. सोंगट्यांच्या फाशावर सहाचा आंकडा असतो, त्याप्रमाणें दोन उभ्या ओळींत तीन तीन टिंबें. एवढी जागा बोटाच्या टोंकाखालीं एकदम मावते. या सहांपैकीं कोणतीं उठवावीं व कोणतीं वगळावीं यावरून त्रेसष्ट निरनिराळ्या खुणा होतात. गणिताची गोडी असलेल्यांनीं हें स्वतः पडताळून पाहावें. वरच्या चार टिंबांतून दहा खुणा करून त्या पहिल्या दहा अक्षरांना दिल्या. त्याच दहांना खालचें डावें टिंब जोडलें कीं पुढचीं दहा अक्षरें झालीं; खालचीं दोन्ही जोडलीं कीं त्यांच्याही पुढचीं. पहिल्या दहा खुणांच्या आधीं एक चिन्ह ठेवलें कीं त्यांचेच आंकडे होतात. कागद मागच्या बाजूनें टोंचावयाचा म्हणून लिहितांना उजवीकडून डावीकडे जावें लागतें, आणि पान उलटून डावीकडून उजवीकडे वाचावयाचें. जीनगराच्या मुलाचें हें काम टोंचणीनेंच झालें, यावर कांहीं लेखकांनीं फार रंग चढविला आहे. आम्हांला तो चढवावासा वाटत नाहीं. पण बापाच्या कामाच्या खोलींत लहानपणीं हाताला कांहीं वळण लागलें असेल, हें खरें.

१८२९ सालीं ही पद्धति पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. शब्दच नव्हे तर संगीतही टिंबांनीं लिहिण्याची रीति तींत दिली होती. गंमत अशी कीं तें पुस्तक छापलें गेलें जुन्याच उठावाच्या अक्षरांत. नवी लिपि वाचूं शकणारे वाचक अजून व्हावयाचे होते! मूळ कल्पना बार्बियेची, हें ब्रेलनें त्यांत मोकळेपणीं मान्य केलें. प्रारंभीं त्याच्या लिपींत टिंबांबरोबर लहान रेघाही होत्या; बोटांना त्या अडचणीच्या वाटतात असें दिसतांच १८३७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत त्यानें त्या काढून टाकिल्या.

एव्हांना तो शाळेंत शिक्षक झाला होता. १८२८ पासून मदतनीस व १८३३ पासून पुरा शिक्षक. १८३१ सालीं त्याचा बाप वारला. व्याकरण, भूगोल, गणित, संगीत हे विषय तो शिकवी. लहान मुलांसाठीं अंकगणिताचें एक पुस्तकही त्यानें लिहिलें. तो क्वचितच रागावे, असें त्याचे विद्यार्थी सांगत. पगार फार नव्हता, तरी अडल्यानडल्या विद्यार्थ्याला तो उसने पैसे देई. एका चर्चमधील ऑर्गन वाजविण्याची जागा त्यानें आपल्याहून गरजू अशा अंध वादकासाठीं सोडली. सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास मात्र त्याला क्षय जडला. त्या ओल्या इमारतीनें किती मुलांचीं छातीचीं दुखणीं वाढविलीं असतील कोण जाणे.

घरीं आईला पत्र लिहावें, अशी हॉस्टेलांतील मुलांची इच्छा असे. पण टिंबांची लिपि घरच्यांना कशी वाचतां यावी? याहीसाठीं त्यानें १८३९ सालीं एक तोड काढली. ठरावीक ठिकाणीं टिंबें टोंचून नेहमींच्या अक्षरांचाच आकार उमटविण्याची ही रीति होती. आंधळ्यानें लिहावें व डोळसानें वाचावें. फूको नांवाच्या त्याच्या अंध मित्रानें त्याकरितां एक यंत्रही तयार केलें. आज तें संग्रहालयांत पाहावयास मिळतें. आम्हांला मात्र ब्रेलच्या सर्व कामांत या गोष्टीचें विशेष मोल वाटतें. आपल्या लिपीमुळें आंधळीं मुलें घराला पारखीं होतील, हें त्याच्या मनानें आधींच ताडलें होतें.

१८४० सालीं पिन्ये यांना काढून द्युफो हे मुख्य झाले, आणि शाळेंत उलटा वारा वाहूं लागला. द्युफो यांना टिंबें पसंत नव्हतीं. आंधळ्यांची लिपि डोळसांच्या लिपीहून निराळी झाली तर ते समाजापासून तुटतील; शिवाय जी लिपि शिक्षकास वाचतां येत नाहीं तिनें वर्ग कसा चालवावा, अशी विचारसरणी होती. हा आक्षेप अगदींच पोरकट नव्हता, हें आम्ही शिक्षक म्हणून कबूल करतों. मुलाला सर्वांत मिसळून ठेवावें हा हेतु चांगलाच आहे. परंतु वाचतां न येणाऱ्या मुलाला वाचणाऱ्यांत नुसतें बसविल्यानें तें मिसळत नाहीं. उठावाच्या अक्षरांचा एक नवा प्रकार आणून टिंबांना वर्गांत बंदी करण्यांत आली. मग जें व्हावयाचें तेंच झालें. मुलें रात्रीं निजण्याच्या खोल्यांत, मिळेल त्या टोंकदार वस्तूनें कागद टोंचीत राहिलीं व मोठीं मुलें लहानांना शिकवीत राहिलीं. ज्या गोष्टीला दिवा लागत नाहीं तिच्यावर पहारा कसा ठेवणार? ब्रेल शाळेंतच होता, आजारी होता, व त्यानें उघड बंड केलें नाहीं.

द्युफो यांचे दुय्यम ग्वादे हे हा प्रकार पाहत होते. मुलें कोणत्या लिपीनें खरोखर शिकतात, हें त्यांनीं मुलांकडूनच जाणून घेतलें व वरिष्ठांचें मन हळूहळू वळविलें. शाळा नव्या, कोरड्या, हवेशीर इमारतींत गेली. ता. २२ फेब्रुवारी १८४४ रोजीं तिच्या उद्घाटनाच्या समारंभांत ग्वादे यांनीं ब्रेलच्या लिपीची माहिती सांगितली, व विद्यार्थ्यांनीं ऐकलेला मजकूर टिंबांनीं लिहून, लिहिणें न ऐकलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडून तो सर्वांसमक्ष वाचून दाखविला. ब्रेल तेव्हां पस्तीस वर्षांचा होता.

यापुढचें त्याचें आयुष्य दुखण्यांत गेलें. ता. ६ जानेवारी १८५२ रोजीं, त्रेचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनीं, तो वारला. पॅरिसमधील वर्तमानपत्रांनीं त्याची दखल घेतली नाहीं. एक पेटी न उघडतां जाळून टाकावी असें त्यानें सांगून ठेविलें होतें. मित्रांना राहवलें नाहीं व त्यांनीं ती उघडली, तों आंत विद्यार्थ्यांना दिलेल्या उसनवारीच्या चिठ्ठ्या निघाल्या. त्या मग त्यांनीं जाळल्या.

दोन वर्षांनीं, १८५४ सालीं, फ्रान्समध्यें त्याची लिपि अधिकृतपणें स्वीकारली गेली. इतर देशांत तिला आणखी वेळ लागला. कारण जागोजागीं डोळस परोपकारी गृहस्थांनीं आपापल्या उठावाच्या लिप्या काढल्या होत्या व कोणी मागें हटेना. १८६८ सालीं लंडन येथें डॉक्टर आर्मिटेज यांनीं एक मंडळ स्थापिलें. दृष्टि गेल्यामुळें त्यांना वैद्यकी सोडावी लागली होती. कोणती लिपि चांगली हें ठरविणारे सभासद स्वतः आंधळे असले पाहिजेत, त्यांना निदान तीन लिप्या येत असल्या पाहिजेत व कोणत्याही लिपींत त्यांचा पैशाचा संबंध नसावा, असा नियम त्यांनीं केला. अशा परीक्षकांनीं ब्रेलची निवड केली. १८७८ सालीं पॅरिस येथील परिषदेंतही तोच निर्णय झाला.

आपल्याकडे मुंबईस मिस ॲना मिलर्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनीं १९०० सालीं अंधांसाठीं शाळा काढली. दादरची अंधशाळा ती हीच. भारतांतील भाषांसाठीं बरींच वर्षें निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या ब्रेल चालत, त्यामुळें एका शाळेंतील पुस्तक दुसरीकडे निरुपयोगी होई. १९५१ सालीं सर्वांसाठीं एकच भारती ब्रेल ठरली. तींत मराठी ‘क’ची खूण ब्रेलनें आपल्या लिपींत त्याच उच्चाराला दिलेलीच आहे, ‘म’, ‘ल’, ‘स’ यांचेंही तसेंच. आणखी एक मौज आमच्या लहान वाचकांना आवडेल. आपण ‘कि’ लिहितों तेव्हां उच्चारांत मागून येणारी वेलांटी अक्षराच्या आधीं काढतों. ब्रेलमध्यें आधीं ‘क’ व मग ‘इ’, उच्चार होतो त्याच क्रमानें. आमच्या ओळखीची ती मुलगी आतां आपल्या धाकट्या भावाला यावरून चिडविते.

१९५२ सालीं ब्रेलच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं तेव्हां फ्रान्सनें त्याचें शव गांवच्या स्मशानांतून काढून, राष्ट्रांतील थोर पुरुष जेथें चिरविश्रांति घेतात त्या पॅरिसमधील पांतेऑन मंदिरांत नेलें. हेलन केलर त्या प्रसंगीं पॅरिसला आल्या होत्या. त्याच्या हातांच्या अस्थि मात्र एका लहान कलशांत घालून कूव्रे येथील मूळच्या थडग्यावरच ठेविल्या आहेत, आणि जीनगराचें तें घर आज संग्रहालय म्हणून उभें आहे.